पट्टीवर शेक देऊ नका

गेल्या थंडीत आमच्या खालाजानना कॅन्सरच्या वेदनांसाठी फेंटानिलची पट्टी सुरू होती. दर 72 तासांनी बदलायची. एका रात्री पाठ फार दुखू लागली, म्हणून घरच्यांनी मायेने त्या पट्टीवरच गरम पाण्याची पिशवी ठेवली. काही वेळाने खालाजान हाकेला ओ देईनात, श्वास मंद झाला. तातडीने दवाखाना गाठला म्हणून, अल्हम्दुलिल्लाह, त्या वाचल्या.

घरात सर्वांचा एकच सवाल होता. पट्टी वरून लावलेली, मग एवढा असर कसा झाला?

भगिनींनो, आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ, पण भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. पाणी इथे अडते. तेलात विरघळणारे औषध मात्र या चुन्यातून वाट काढते. फेंटानिल त्यातलेच.

असे औषध किती झिरपते, हे प्रयोगशाळेत ‘फ्रान्झ सेल’मध्ये मोजतात. थॉमस फ्रान्झ यांनी 1975 मध्ये ही पद्धत मांडली. काचेचे दोन कप्पे, मध्ये त्वचेचा तुकडा. वर औषध, खाली द्रव. ठरावीक तासांनी खालचा द्रव काढून तपासतात. खाली नुसते पाणी असेल तर तेलकट औषध त्यात नीट उतरत नाही आणि ‘औषध आत जातच नाही’ असे चुकीचे उत्तर मिळते. म्हणून त्यात अल्ब्युमिनसारखे, रक्तातले प्रथिन मिसळतात. त्वचा 32 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, कारण आपल्या कातडीचे तापमान साधारण तेवढेच असते.

आमची चूक इथेच होती. शेकाने कातडी तापली, औषध वेगाने सुटले, रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि रक्ताने ते भराभर उचलले. हळूहळू मिळायचे औषध एकदम अंगात गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच असा इशारा दिला होता.

म्हणून पट्टीवर शेक, विजेची चादर, कढत पाणी नको. रुग्णाला ताप आला तर डॉक्टरांना लगेच कळवा. पट्टी कापू नका. काढलेल्या पट्टीतही औषध उरते. चिकट बाजू आत दुमडून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

खिदमत करताना माया हवीच, सोबत थोडी माहितीही हवी.