बांधावरून : गुणी पोर वाया का जाते?



गावात एखादे पोर व्यसनाला लागले किंवा शहरातून हात हलवीत परत आले की आपण पारावर बसून दोन शब्दांत निकाल देतो, "वाया गेले." पीक वाया गेले तर आपण असा निकाल देत नाही. बी तपासतो, पाणी किती दिले ते आठवतो, कीड कधी पडली ते बघतो. पोराच्या बाबतीत एवढी चौकशी कोणी करीत नाही. म्हणून आज पिकाऐवजी पोरांविषयी लिहितो.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघात जॉर्ज बेस्ट नावाचा खेळाडू होता. १९६३ साली, सतरा वर्षांचा असताना तो या संघातून प्रथम खेळला. १९६८ साली त्याच्या संघाने युरोपचा चषक जिंकला आणि युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. पैसा आला, कीर्ती आली, मागोमाग दारू आली. १९७४ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने तो संघ सोडला. पुढे लहानमोठ्या संघांतून खेळला, पण पहिली झळाळी परत आली नाही. २००२ साली त्याचे यकृत बदलावे लागले आणि २००५ साली एकोणसाठाव्या वर्षी तो गेला. त्याच्यावर २०१६ साली एक माहितीपट निघाला. इतका गुणी माणूस असा कसा संपतो, हा प्रश्न तो बघणाऱ्याला पडतो.

हे झाले परदेशातले. आपल्या मराठी मुलखात याच्या जवळचे उदाहरण क्रिकेटमधले आहे. ते म्हणजे विनोद कांबळी.

विनोदचा जन्म १८ जानेवारी १९७२ चा. मुंबईतल्या कांजूरमार्गच्या वस्तीतले साधे घर. तिथून हे पोर लोकलच्या गर्दीत खेळाचे सामान घेऊन दादरला यायचे. शारदाश्रम शाळेत आणि शिवाजी पार्कच्या मैदानावर रमाकांत आचरेकर सर त्याला घडवीत होते. त्यांच्याच हाताखाली सचिन तेंडुलकर शिकत होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात या दोघांनी नाबाद ६६४ धावांची भागी केली. सचिनच्या ३२६ आणि विनोदच्या ३४९. एवढे करून विनोदने नंतर गोलंदाजीत ३७ धावांत सहा गडी बाद केले. त्या दिवशी दोघांत सरस कोण, असे कोणी विचारले असते तर पुष्कळांनी विनोदकडे बोट दाखवले असते.

पुढचा बहर तर आणखी मोठा. १९९३ साली कसोटी संघात आल्यावर वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध २२४ धावा, आणि लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७. मग श्रीलंकेत आणखी दोन शतके. पहिल्या सात कसोट्यांत चार शतके झाली. चौदा डावांत त्याच्या एक हजार कसोटी धावा पुऱ्या झाल्या. इतक्या कमी डावांत हे दुसऱ्या कोणा भारतीयाला जमलेले नाही.

आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याची शेवटची कसोटी झाली. वय होते तेवीस. एकूण १७ कसोट्या, १०८४ धावा, सरासरी चोपन्नच्या वर. एवढी सरासरी असलेला मुलगा तेविसाव्या वर्षी बाहेर गेला आणि पुन्हा कधी कसोटी खेळला नाही.

मार्च १९९६ मध्ये कलकत्त्याला विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. श्रीलंकेपुढे आपले गडी झरझर पडले. आठ बाद १२० वर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. विनोद नाबाद होता. तो रडत रडत मैदानाबाहेर आला, ते चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. त्यानंतर एकदिवसीय संघात त्याचे येणे-जाणे २००० सालापर्यंत चालले, मग तेही थांबले. २०२२ साली त्याने स्वतः सांगितले की, क्रिकेट मंडळाच्या महिना तीस हजार रुपये निवृत्तिवेतनावर घर चालते, मला काहीतरी काम द्या. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात थकलेला विनोद लोकांनी पाहिला. त्याच महिन्यात त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. मेंदूत रक्ताच्या गाठी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला आपण तयार आहोत, असेही त्या सुमारास तो जाहीरपणे म्हणाला. २०२५ साली सुनील गावसकर यांच्या संस्थेने त्याला दरमहा मदत सुरू केली, हे बरे झाले.

आता चौकशी करू. आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबी घराघराला ठाऊक आहे, म्हणून तिचाच दाखला घेतो.

मोसंबीचे कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलले तरी जाणता बागायतदार ती फळे ठेवीत नाही. आधी खोड आणि फांद्यांचा सांगाडा तयार होऊ देतो, मगच भार घेतो. एकविसाव्या वर्षी दोन द्विशतके, जाहिराती, पैसा, फोटो हा कोवळ्या झाडावरचा फार मोठा भार होता. तो पेलायला शिकवणारे शाळेत, मंडळात, वर्तमानपत्रांत कोणी नव्हते. सगळ्यांना फळे हवी होती. यात विनोदचीही चूक होती. १९९४ साली वेस्ट इंडीजच्या वॉल्शने उसळत्या चेंडूंनी त्याला हैराण केले. खेळातली उणीव दिसली की तिच्यावर घाम गाळायचा असतो. त्या वेळी शिस्त ढळली, असे जाणकार सांगतात. मग दारूने राहिलेले पोखरले. त्याचा हा वाटा झाकून उपयोग नाही.

पण दुसरी बाजूही बघा. आंबे बहरासाठी आपण झाडाला ताण देतो. तो जमिनीचा मगदूर बघून द्यायचा असतो आणि वेळेवर तोडायचा असतो. आधी हलके आंबवणीचे पाणी, मग चिंबवणीचे. ताण देऊन मालक विसरला तर फूल येत नाही, फांद्या वाळतात. विनोदला कसोटी संघातून काढले तो ताणच होता. तो तोडायला कोणी आले नाही. आणि आपण प्रेक्षकांनी काय केले? २२७ झाल्या तेव्हा डोक्यावर घेतले, पडल्यावर हसलो.

सचिनच्या मागे थोरला भाऊ अजित होता. त्यानेच सचिनला आचरेकर सरांकडे नेले आणि पुढेही प्रत्येक डावावर तो खरेखरे बोलत राहिला. असे एक माणूस घरात असणे फार मोलाचे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. वाया जाणे वेगळे आणि संधी न मिळणे वेगळे. आपल्या जालन्याच्या विजय झोलने २०११ साली एकोणीस वर्षांखालील सामन्यात नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला. भारताच्या वरिष्ठ संघात त्याची निवड झाली नाही. म्हणून त्याचे खेळणे फुकट गेले असे कोणी म्हणू नये. लाखो मुलांतून अकरा निवडले जातात, हा हिशेब आईबापांनी आधीच मांडून ठेवावा.

गावोगाव फिरताना ॲकॅडमीविषयी पालक विचारतात. त्यांना माझे सांगणे असे :

१. खेळासाठी मुलाची किंवा मुलीची शाळा सोडवू नका. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पाच टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव आहेत. त्यासाठी शिक्षणही लागते आणि प्रमाणपत्रेही. प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा.

२. फीसाठी जमीन विकू नका, सावकार गाठू नका. आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा. कुस्ती, ॲथलेटिक्ससारख्या खेळांत निवड झाली तर राहण्याजेवणाची सोय होते.

३. बक्षिसाचा पहिला रुपया पोराच्या नावे बँकेत टाका. सत्काराला फेटा बांधा, पण रात्रीच्या पार्टीला पोराला पाठवू नका. पहिला पेला बहुधा कौतुक करणाराच पुढे करतो.

४. पोर हरून आले तर ताटावर टोमणे मारू नका. आठ दिवस काही विचारू नका, रानात बरोबर न्या. मग बसून पुढचे ठरवा. बोलेनासे झाले, झोप उडाली, पिऊ लागले, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

या आठवड्यात एवढे करा. तुमच्या गावात "वाया गेले" म्हणून सोडून दिलेले एक तरी पोर असेल. त्याला चहाला बोलवा आणि सध्या काय चालले आहे ते विचारा. उपदेश करू नका, नुसते ऐकून घ्या.