संच्याचा लगाम

आमच्या वडोदऱ्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमचा संचा माळ्यावरून खाली येई, तोही फार तर दोन-तीनदा. बर्फ फोडावा, त्यात जाडे मीठ घालावे आणि घरातल्या प्रत्येकाने आळीपाळीने दांडा फिरवावा. हात भरून येत, तेव्हा कुठे वाटीभर आंब्याचे आइस्क्रीम मिळे.

आता मुलाने विजेचे यंत्र आणले आहे. मऊ आइस्क्रीम व बर्फाळ सरबत, दोन्ही त्यात होतात. जुन्याच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांपैकी मी नव्हे. मीठ-बर्फाचे काम कॉम्प्रेसर करतो, दांड्याचे मोटार करते. चवीत मी खोट काढणार नाही.

परंतु एक अनुभव सांगतो. मला मधुमेह आहे, म्हणून बिनसाखरेचे पन्हे त्यात ओतले, तर ते दगडासारखे गोठले आणि आतले पाते अडले. कारण सरळ आहे. साखर विरघळलेली असली की सगळे पाणी एकदम गोठत नाही, म्हणूनच पेय मऊ राहते. शिवाय गारव्यामुळे जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणजे यंत्र साखर मागते आणि जीभ ती मोजत नाही!

संच्याचे कष्ट हाच आमचा लगाम होता. आज नातवंडे रोज कळ दाबू पाहतात. यात यंत्राचा दोष नाही. लगाम आता आपणच हाती धरायला हवा. आमच्याकडे ते रविवारीच चालते, आणि तेही सगळे जमल्यावर.