ठासणीची बंदूक आणि तिचे नवे कैवारी

आमच्या नव्या मुंबईत हल्ली एका नव्या पंथाचा उदय झालेला दिसतो. ह्या पंथाचे अनुयायी सुशिक्षित, सुखवस्तू व बहुधा पन्नाशीच्या आसपासचे आहेत. वाशी, नेरूळ, खारघर अशा ठिकाणी सायंकाळी फिरावयास निघालेल्या मंडळींत त्यांची गाठ सहज पडते. ठासणीची बंदूक स्वहस्ते घडवावी, तिच्या दस्त्यावर नक्षी कोरावी, आणि ती खांद्यावर टाकून आपल्या आजोबा-पणजोबांप्रमाणे ससा, तित्तर, लावा असली लहानसहान शिकार करण्यास रानात जावे, ही त्यांची मनीषा. ती पुरी होत नाही ह्याबद्दल ते सरकारास, कायद्यास आणि 'दुबळ्या झालेल्या' मराठी समाजास दोष देतात. ह्या मागणीत दोन निरनिराळ्या गोष्टींची गाठ मारली आहे. ती सोडविणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

पहिली गोष्ट कारागिरीची. तिच्यासंबंधी ह्या मंडळींशी आमचे भांडण नाही; किंबहुना त्यांना स्वतःला तिची जेवढी महती वाटते त्याहून ती अधिक आहे असेच आमचे मत आहे. १५१३ साली आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजास कळविले होते की, गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवितात. म्हणजे पानिपतावर बाबराच्या बंदुका वाजल्या त्याच्या तेरा वर्षे आधी आमच्या कोकणपट्टीला लागून असलेल्या मुलखात ही विद्या युरोपाच्या बरोबरीने चालत होती! ती विद्या सोपी नव्हे. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळावयाची, सांधे ठोकून एकजीव करावयाचे, मग आतून नळी कातून सरळ व गुळगुळीत करावयाची. मागचे तोंड बुचाने असे बंद करावयाचे की दारूच्या भडक्याने ते उडून धरणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये. उंची नळीसाठी लोखंड व पोलाद ह्यांच्या पट्ट्या एकत्र पिळून ठोकीत, म्हणजे पृष्ठभागावर लाटांसारखा जौहर उमटे. त्यावर कोफ्तगिरी. पोलादावर अगदी बारीक आडवेउभे चरे पाडून त्यांत सोन्याची किंवा रुप्याची तार हातोडीने बसवावयाची व वरून ओप द्यावयाचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांच्या दालनात जो कोणी अर्धा तास घालवील त्यास, हत्यार आणि दागिना ह्यांत आमच्या पूर्वजांनी फारसा भेद मानला नव्हता, हे दिसून येईल.

आता ह्या कैवाऱ्यांच्या दिवाणखान्यांत काय आढळते? आम्ही अशा एका सद्गृहस्थांकडे गेलो असता भिंतीवर टांगलेली 'पेशवाई' बंदूक त्यांनी मोठ्या अभिमानाने दाखविली. नळीच्या जागी पाण्याच्या नळाचा तुकडा, दस्त्यावर चुका मारून बसविलेला पितळेचा पत्रा, आणि घोडा असा की तो मागे ओढताच हातात आला! कलेची चाड असणाऱ्याने प्रथम कलेची पारख करावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी नसावी.

ही कला बुडाली कशाने, हा प्रश्न आता येतो. ह्या मंडळींचे उत्तर ठरलेले: शिकारबंदीने. येथे आमचा पहिला आक्षेप साध्या सनावळीचा आहे. लिटनच्या अमदानीतील हत्यारांचा कायदा १८७८ चा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. आणि परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली सोय बंद करणारी दुरुस्ती १९९१ ची. पहिल्या दोहोंमध्ये चौऱ्याण्णव वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या अवधीत विलायती टोपीच्या व पुढे मागून भरावयाच्या बंदुका येथे आल्या, संस्थानिकांनी त्या मागविल्या, आणि नळी ठोकणारा लोहार कोयते-विळे करू लागला. जो आधीच मेला त्याच्या खुनाचा आरोप शंभर वर्षांनी जन्मलेल्यावर ठेवणे, हा कोठला न्याय?

दुसरे प्रमाण परंपरेचे. परंतु कोणाची परंपरा? कोकणात ठासणीची बंदूक होती व आहे, ती माळ्यावर रात्र जागणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती. रानडुकरे व वानर ह्यांना पिटाळणे हे तिचे काम. पुष्कळदा नुसत्या बारानेच ते भागते. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याने पिकाच्या रक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट नावाने उल्लेख केला आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासंबंधी परवानगी देण्याची तरतूद १९७२ च्या कायद्यातही आहे. निवडणुकीच्या दिवसांत ही बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि तेवढ्यात डुकरे भात लोळवून जातात, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, तिची दाद लागली पाहिजे. पण बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाने त्या शेतकऱ्याच्या पाठीआड उभे राहून सशावर नेम धरावा, हे आम्हांस पटत नाही. सशाने त्यांच्या गच्चीवरील तुळस खाल्ल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

तिसरे प्रमाण मोठे गोंडस आहे. म्हणे ठासणीच्या बंदुकीत एकच बार; तो चुकला की दारू मोजा, गज घाला, ठासा, टोपी बसवा, तोवर जनावर पसार; तेव्हा हा सामना बरोबरीचा! बरोबरीचा कोणाशी? दुसऱ्या शिकाऱ्याशी असेल, सशाशी नव्हे. छऱ्यांचा बार पसरतो, हा त्याचा धर्मच आहे. अर्धा बार खाल्लेला ससा करवंदीच्या जाळीत शिरून दुसऱ्या दिवशी मरतो, त्याची गणती ह्या सामन्यात कोण ठेवतो? शिवाय आज ससा मारतात तो रात्री, दिव्याच्या झोताने डोळे दिपवून. दिपलेले जनावर जागीच उभे राहते. ह्यास बरोबरी म्हणावयाचे असेल तर शब्दकोश नवा करावा लागेल. अशाच अंधारात जनावर समजून साथीदारासच गोळी घातल्याच्या बातम्या कोकणातून वारंवार येतात, त्या वेगळ्याच.

अमेरिकेचा दाखलाही दिला जातो. पेन्सिल्व्हानियात जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीची, आतून पेच पाडलेली, पितळ-रुप्याने मढविलेली रायफल घडविली. तिने खारी मारीत. आजही तेथील अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकांसाठी शिकारीचा निराळा हंगाम असतो. हे सर्व खरे. परंतु आमच्याजवळ उरले आहे काय, ते पाहा. पनवेलजवळचे कर्नाळ्याचे अभयारण्य, १९६८ साली राखलेले, मूळचे साडेचार चौरस किलोमीटरही नव्हते. पारसिकच्या डोंगराला खाणींनी पोखरले, उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापून काढली. ह्या भागातील सशाचा घास बंदुकीपेक्षा सुरुंगाने अधिक घेतला, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पण म्हणून जो उरला त्यावर हौशी बार काढावा, हे अनुमान त्यातून निघत नाही.

सालिम अली लहानपणी बंदूक चालवीत होते, हेही आम्हांस ऐकविले गेले. होय, छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. परंतु तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून ही कोणती चिमणी, हे विचारावयास तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. आणि पुढे १९३० मध्ये किहीमला सुगरणीची घरटी पाहत दिवसचे दिवस बसून राहिला. ज्यास तो दाखला घ्यावयाचा आहे त्याने सबंध घ्यावा.

बंदूक घडविण्यास ससा लागतोच असेही नाही. जपानात १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर तोड्याची बंदूक पोचली. आज तेथील उत्सवांत जुन्या बंदुकांचे नुसते दारूचे बार काढतात, आणि लोक ते पाहण्यास गर्दी करतात. तोंडातून भरावयाच्या बंदुकांच्या नेमबाजीचे जागतिक सामनेही भरतात. तेथे पुढे कागदाचे लक्ष्य असते. आमच्याकडे बंदूक घडविण्यास, विकण्यास व दुरुस्त करण्यासही १९५९ च्या कायद्याच्या पाचव्या कलमान्वये परवाना लागतो. ती अट योग्यच आहे. मात्र नळी ठोकणे, कोफ्तगिरी, शिसवीच्या दस्त्यात शिंग बसविणे ही कामे एखाद्या कलाशाळेत, परवान्याखाली व देखरेखीखाली शिकविली जावीत, आणि घडलेली बंदूक लक्ष्यावर पारखली जावी, अशी मागणी ह्या मंडळींपैकी एकानेही केल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. तसा अर्ज त्यांनी लिहावा. त्यात सशाचे नाव नसेल तर खालची पहिली सही आम्ही करू.