दुसऱ्या वाटेने घरी

गणपतीचं बरं असतं. विसर्जन झालं की सण संपला हे अख्ख्या गल्लीला कळतं. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं, रिकामा पाट घेऊन घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. पण ख्रिसमसचं काय? ३१च्या रात्री 'हॅपी न्यू इयर' ओरडून घसा बसवायचा, २ तारखेला डोळे चोळत लोकल पकडायची आणि हॉलमधलं प्लास्टिकचं झाड होळीपर्यंत कोपऱ्यात धूळ खात उभं! (हो, माझंच.)

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत राहायला आले त्या वर्षी मी जरा शहाणपणा दाखवला. १ जानेवारीलाच झाड उतरवायला घेतलं. समोरच्या आंटी दारात येऊन उभ्या. "अगं, राजे अजून पोचले नाहीत आणि तू दिवे काढतेस?"

तर मंडळी, नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही, सुरू होतो. ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडून निघालेले तीन राजे सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन बाळ येशूपाशी पोचतात, तो सण ६ जानेवारीचा. आपल्याकडच्या कॅथलिक चर्चमध्ये तो २ ते ८ तारखेच्या मधल्या रविवारी होतो. तोवर आंटींकडचे मातीचे राजे टीव्हीच्या टेबलावरून निघून रोज वीतभर पुढे सरकतात. क्रिबमध्ये हिरवंगार गवत असतं. डिसेंबरच्या सुरुवातीला वाटीत पेरलेली ती नाचणी!

आंटी ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी, पण माणसं इथलीच, घरात मराठी बोलणारी. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमाराला या समाजाने आपली संघटना काढली आणि हे नाव पक्कं झालं. आंटींचं माहेर खाडीपलीकडचं गोराई. आणि गोराईचं चर्च मुळी तीन राजांच्याच नावाचं!

यंदा त्यांचा मुलगा कॅनडाहून आला होता. २ तारखेच्या पहाटे गेला. जाताना म्हणाला, "मम्मी, फ्लॅट विकून टाक, ये तिकडे." नंतर दोन दिवस आंटींच्या दारातला तारा पेटलाच नाही. मग शनिवारी रात्री बेल वाजली. "उद्या गोराईला येतेस? एकटीला बोटीत चढायला भीती वाटते."

रविवारचा माझा प्लॅन झोपण्याचा होता. पण गेले. बोरिवलीहून रिक्षाने जेट्टी, तिथून बोट. दोन्ही बाजूंना तिवरं, समोर पॅगोडाचा सोनेरी घुमट. पाच मिनिटांपूर्वी आपण ट्रॅफिकमध्ये हॉर्न ऐकत होतो हे खरंच वाटत नाही. वीकेंडला लोणावळ्याच्या रांगेत चार तास घालवणाऱ्यांनो, ऐकताय ना?

चर्च झालं, भावाकडे जेवण झालं. फुग्या आणि बाटली मसाल्याचं चिकन. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. सगळे विचारत होते, "कधी जाणार कॅनडाला?" आंटी नुसतं हसत होत्या.

निघताना मी जेट्टीकडे वळले, तर म्हणाल्या, "तिकडून नको. राजेसुद्धा आल्या वाटेने परत गेले नव्हते." खरंच की! हेरोद राजाला चुकवून ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले, असं बायबलात आहे. मग आम्ही शेअर रिक्षाने मनोरी गाठलं, तिथून बोटीने मार्वे आणि बसने मालाड. वेळ जास्त लागला. पण सुट्टी संपवायला निघालोय असं एकदाही वाटलं नाही.

संध्याकाळी आवरायला बसलो. मिक्सरचा जुना खोका, वर्तमानपत्रं, सेलोटेप. आधी राजे, मग मेंढपाळ (एकाचा हात तुटलेला, तो आंटींच्या लग्नापासून तसाच), मग गाय, योसेफ, मारिया. बाळाला त्यांनी स्वतःच्या रुमालात गुंडाळलं. दिव्यांची माळ मी पुठ्ठ्यावर गुंडाळली, म्हणजे पुढच्या वर्षी गुंता नको. 'पुढच्या वर्षी' तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली.

आंटी काहीच बोलल्या नाहीत. मी स्टुलावर चढून खोका माळ्यावर सरकवला. खाली उतरले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून एक पुडी आणून माझ्या हातात ठेवली. नाचणी.

"मी इथे असेन, नाहीतर तिकडे असेन. डिसेंबर लागला की तू पेर. आणि खोका सावकाश उतरव, मेंढपाळाचा एकच हात शिल्लक आहे."

घरी आले आणि माझं झाडही त्याच रात्री उतरवलं. पुडी फ्रिजवर ठेवलीय. डिसेंबर काय, हा हा म्हणता येईल.