हातघाईचा फासा आधी कशासाठी टाकावा?

१/५
टेबलावरील युद्धखेळात दोन पायदळे भिडली की फासे पडतात ते ‘किती मेले’ हे ठरवण्यासाठी. हा क्रम इतिहासाला धरून नाही.

२/५
एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’मध्ये (१९१३) हातघाईचा हिशेब सोपा होता : तुल्यबळ तुकड्या भिडल्या की एकास एक शिपाई बाद. शिपाई खेळण्यातले, त्यांना भीती ठाऊक नव्हती.

३/५
नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे यांना मात्र गोळ्यांच्या मानाने संगिनींच्या जखमा फारच थोड्या आढळल्या. पुढे फ्रेंच कर्नल आर्दाँ द्यु पिक यांनीही हेच प्रतिपादिले, की प्रत्यक्ष टक्कर होण्यापूर्वीच बहुधा एका बाजूचा धीर सुटतो.

४/५
अपवाद आहेत. वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) ह्यूगोमाँच्या वाड्यात फ्रेंच सैनिक दरवाजा फोडून आत शिरले आणि दरवाजा पुन्हा बंद झाला. पळायला वाटच उरली नाही. तेथे हातघाई अटळ होती.

५/५
म्हणून मोकळ्या मैदानात पहिला फासा मनोधैर्याचा असावा, मृतांची मोजणी नंतर. हा फासा वगळल्यास खेळ लवकर संपेल. पण लढाया कशा जिंकल्या गेल्या, हे त्यातून उमगणार नाही.