बांडगुळांची बाजू

मराठीत एखाद्याला 'बांडगूळ' म्हटलं की वाद संपतो. फुकट खाणारा, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा! खरं तर बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, त्याची फळं फुलटोचे खातात. पण शिवीला एवढी चौकशी परवडत नाही. ही शिवी माणसांपुरती राहिली असती तरी चाललं असतं. पण निसर्गप्रेमी म्हणवणारे आपण जंगलाचा हिशेबही याच नजरेनं मांडतो. वाघ वाचवा, गिधाड वाचवा, अलीकडे वटवाघूळही वाचवा. त्याच्या अंगावर जे जगतं ती मात्र घाण. माझा आक्षेप या हिशेबाला आहे.

पनामातलं जंगल घ्या. कालव्यासाठी नदी अडवून झालेल्या गाटून तलावात बारो कोलोरॅडो हे बेट आहे, १९२३पासून राखीव. एवढ्याशा बेटावर वटवाघळांच्या ७०हून अधिक जाती. त्यांतलं आखूड शेपटीचं एक फळखाऊ वटवाघूळ म्हणजे कॅरोलिया. आपल्या मिरवेल-नागवेलीच्या कुळातल्या झुडपांची फळं ते खातं आणि बिया जंगलभर टाकतं. त्याचं कौतुक सगळेच करतात. त्याच्या लवेत ट्रायकोबियस जॉब्लिंगी नावाची रक्तपिपासू माशी राहते. तिचं नावही कुणी घेत नाही.

ही माशी घरमाशीसारखी शेकड्यांनी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी, तीही पोटात, आईच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर वाढते. वाढ पुरी झाली की मादी वटवाघळाचं ऊबदार अंग सोडते, निवाऱ्याच्या भिंतीवर अळी ठेवते आणि परतते. अळीचा लगेच कोष होतो. कोषातून निघालेल्या माशीला वटवाघूळ सापडलं नाही तर ती फार जगत नाही.

म्हणजे या माशीला नुसतं वटवाघूळ पुरत नाही. टिकाऊ निवाराही लागतो. म्हणूनच गुहेत, झाडाच्या ढोलीत वस्ती करणाऱ्या वटवाघळांवर अशा माश्या साधारणपणे जास्त, तर पानांआड मुक्काम करणाऱ्यांवर कमी. पंखांच्या पडद्याला नख्यांनी घट्ट धरून राहणारे माइट एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात ते बहुतेक स्पर्शातून. वटवाघळं कुठे राहतात, किती दाटीनं राहतात, याची नोंद त्यांच्या अंगावरच असते. शिवाय काही माश्यांच्या अंगावर आणखी बारीक बुरशी वाढते. ज्याला आपण घाण म्हणतो तो जंगलाचाच पुढचा मजला आहे.

'मग काय, आता गोचिडांचीही अभयारण्यं काढायची?' हा प्रश्न ठरलेला. नाही. गाईच्या अंगावरच्या गोचिडा खुशाल काढा. या माश्या निरुपद्रवी आहेत असंही मी म्हणत नाही. त्या रक्त पितात, त्यांच्यात बार्टोनेलासारखे जिवाणूही सापडतात. पण उपद्रव होतो म्हणून नोंदवहीतून नाव गाळायचं, हा न्याय कुठला? हरणाला वाघाचा उपद्रव होतोच की.

नाव गाळण्याची किंमत एकदा मोजून झाली आहे. १९८७पर्यंत कॅलिफोर्नियाचे उरलेले सगळे, म्हणजे २७ कॉन्डॉर पिंजऱ्यात आणले गेले. त्यांना वाचवताना अंगावरच्या उवा औषधानं मारल्या. त्यातली एक जात फक्त याच पक्ष्यावर राहणारी होती. ती संपली असं मानलं जातं. पक्षी वाचला याचा आनंद आहेच. पण ती ऊ राखायची की नाही हा प्रश्नही तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही.

आणि 'उपद्रवी' हा शिक्का कायमचा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आपलाच कायदा बघावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदरांच्या पंगतीत उपद्रवी ठरली होती. २०२२च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. वटवाघूळ तेच होतं, बदलली ती आपली समज.

बहुतेक वटवाघूळ-माश्या एका किंवा जवळच्या मोजक्याच जातींवर जगतात. यजमान गेला की त्याही जाणार, आणि यजमानांची संख्या फार घटली तर कदाचित त्याच्या आधीच. त्यामुळे मागणी साधी आहे: जंगलातल्या जिवांची यादी करताना वटवाघळाच्या नावाखाली त्याच्या माश्यांची आणि माइटचीही नावं लिहा. त्यांच्यावर प्रेम करायची सक्ती नाही. मोजायची मात्र आहे.