परक्या घरातील एक वर्ष

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने अथवा मुलीने आईवडिलांचे घर सोडून वर्षभर परदेशी जावे, तेथील एका अनोळखी कुटुंबात राहावे आणि तेथीलच शाळेत शिकावे, ही कल्पना अद्यापही पुष्कळ घरांना रुचत नाही. पुण्यातील कर्वेनगरासारख्या वस्तीला परदेशगमन मुळीच नवे नाही. परंतु पदवी घेतल्यावर जाणे निराळे आणि शाळकरी वयात जाणे निराळे, असे तेथेही मानले जाते. शाळेचे एक वर्ष फुकट जाईल, मूल हाताबाहेर जाईल, आजारी पडले तर त्याच्या उशाशी कोण बसेल, हे प्रश्न आईवडील विचारतात आणि त्यांनी ते विचारणे योग्यच आहे. जाणारी मुलगी असेल, तर हेच प्रश्न जरा अधिक वेळा विचारले जातात.

ही प्रथा सुरू कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकन फील्ड सर्व्हिस नावाच्या संस्थेचे स्वयंसेवक दोन्ही महायुद्धांत जखमी सैनिकांना गाडीत घालून रणभूमीवरून रुग्णालयात पोहोचवीत असत. युद्ध संपले, तेव्हा या मंडळींनी विचार केला की, जखमी उचलण्यापेक्षा माणसांनी एकमेकांस जखमी करूच नये, यासाठी काही करता आले तर बरे. त्यांनी १९४७ पासून देशोदेशींच्या शाळकरी मुलांना अमेरिकन कुटुंबांत वर्षभर ठेवण्यास आरंभ केला. पुढे अमेरिकन मुलेही इतर देशांत जाऊ लागली. रोटरी संस्थेचीही अशीच योजना आहे. तीत मूल बहुधा एका वर्षात एकाहून अधिक घरांत राहते. म्हणजे या योजनेचा गाभा शाळा नव्हे, तर घर होय. शत्रू म्हणून ज्यांच्याकडे पाहिले, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवल्यावर पूर्वीचे वैर टिकवणे कठीण जाते, एवढाच त्या मंडळींचा साधा हिशेब होता.

कर्वेनगरात तर या गोष्टीचे नवल वाटू नये. हे गाव म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये येथील माळावर आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन दिली होती. तेथे उभारलेल्या साध्या झोपडीत ज्या तरुण विधवा शिकावयास आल्या, त्यांनी घर सोडले ते लोकांची बोलणी ऐकत. त्या काळी माहेराहून हिंगण्यास येणे हे आज समुद्रापार जाण्याहून सोपे नव्हते. अण्णासाहेब कर्वे महाविद्यालयातील आपले अध्यापन संपवून पुण्याहून पायी हिंगण्यास येत.

याच आश्रमातील पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि इंग्रजी भाषा त्यांना नीट येत नव्हती. ती शिकण्याकरिता त्यांनी अमेरिकन कुटुंबांत घरकाम पत्करले. स्वयंपाकघरात उभे राहून त्या भाषा शिकल्या. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. पाहुण्यास कोणी काम सांगत नाही. म्हणून त्याच्याशी कोणी मोकळेपणाने बोलतही नाही. जो भांडी विसळतो, अंगणातील बर्फ लोटतो, यजमानांच्या धाकट्या मुलाशी भांडतो आणि पुन्हा गोडही होतो, तोच त्या घरचा होतो.

शाळकरी वयाच्या अधिक जवळचे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजात चढल्या, तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पुरे झाले होते. पती सोबत नव्हते. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर न्यू जर्सीतील रोसेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या राहिल्या. पत्रांखेरीज दोघींची कसलीही ओळख नव्हती. तरी आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. त्या घरात त्यांनी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून वाढला आणि आपला पोशाख व आहार सोडला नाही. ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियास वैद्यकाच्या अभ्यासासाठी गेल्या व १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. परंतु मूळची नाजूक प्रकृती तेथे अधिकच खालावली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तेव्हा आजारपणाविषयी चिंता करणाऱ्या आईवडिलांना भित्रे म्हणणे हा उद्धटपणा होय. प्रकृतीची तपासणी, विमा, गरम कपडे आणि अडचणीत धावून येणारा त्या गावातील एक जबाबदार माणूस, एवढ्याची खात्री झाल्यावाचून मुलास पाठवू नये.

आजच्या मुलांपुढे निराळाच धोका आहे. आनंदीबाईंचे पत्र घरी पोहोचावयास कित्येक आठवडे लागत. आज आईचा चेहरा दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिजे तेव्हा दिसतो. ही सोय मोठी खरी. पण जो मुलगा रोज रात्री दोन तास घरच्यांशी बोलतो, तो शरीराने तिकडे आणि मनाने कर्वेनगरातच असतो. यजमानांच्या बैठकीत बसावयाचे ते दोन तास तो गमावतो. आठवड्यातून एक दिवस बोलावे, बाकीचे दिवस वहीत लिहून ठेवावे. घरच्या आठवणीने पहिले दोन महिने रडू येते, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

राहिला वर्षाचा प्रश्न. परत आल्यावर सोबतचे मित्र एक इयत्ता पुढे गेलेले असतात, हे खोटे नाही. आणि प्रवेशपरीक्षांच्या या दिवसांत ते बोचते. परंतु बाराव्या वर्षी की तेराव्या वर्षी, सतराव्या की अठराव्या, कोणत्या वयात कोणती पायरी चढली, हे पुढे कोणी विचारीत नाही.

मात्र या योजनेचा खर्च सर्वांस झेपत नाही. शिष्यवृत्त्या थोड्या आहेत. ज्याला परदेश शक्य नाही, त्याने एखादी सुटी कोकणातल्या, नाही तर बंगालातल्या एखाद्या ओळखीच्या घरी काढली, तरी त्याला त्यातले बरेच काही मिळेल.

आणि विनिमय म्हणजे देवाणघेवाण. आपले मूल धाडायचे, पण दुसऱ्याचे मूल घरात घ्यायचे म्हटले की जागा अपुरी, अशी सबब पुष्कळ ठिकाणी पुढे येते. कर्वेनगरातील दोन खोल्यांच्या घरातही ब्राझीलची एखादी मुलगी राहू शकेल. तिला तिखट सोसणार नाही, पाटावर मांडी घालून बसता येणार नाही, आजीला ती नावाने हाक मारील. आजीने ते पहिल्या दिवशी हसून सोडून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी तिला पोळी लाटावयास बसवावे.